घरचं ब्रॉडबँड: सिग्नल लॉस आणि स्पीड यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट मंदावलं की "सिग्नल कमी येतोय, म्हणून स्पीड कमी" हे वाक्य हमखास कानावर येतं. तांब्याच्या तारेवर ते खरं आहे, वायफायवर खरं आहे, पण फायबरवर बहुतेक वेळा खोटं ठरतं. आणि आज महाराष्ट्रातल्या शहरांत, तालुक्याच्या गावांत घरोघरी पोचलंय ते फायबरच. त्यामुळे नको तिथे दुरुस्ती होते, राउटर बदलले जातात, प्लॅन वाढवले जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हे टाळता यावं म्हणून ही प्रश्नोत्तरं.

नेट सुरू आहे, लाल लाइट नाही, पण स्पीड निम्माच मिळतो. लाइनमन म्हणतो, पॉवर कमी आहे. हे कारण असू शकतं का?

फार क्वचित. फायबरचं काम कसं चालतं ते पाहिलं की हे लगेच पटेल.

जीपीओएन पद्धतीच्या फायबरमध्ये (म्हणजे एकच तंतू बऱ्याच घरांत वाटला जातो त्या पद्धतीत) कंपनीच्या बाजूच्या यंत्रातून, म्हणजे ओएलटीतून, सगळ्या घरांसाठी एकाच ठरलेल्या वेगाने प्रकाशाचे ठोके निघतात. हा वेग सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट असतो. तुमच्या घरातला ओएनटी (ज्याला बरेच जण नुसतं राउटर किंवा मोडेम म्हणतात) त्या प्रवाहातून आपल्या नावाचा डेटा उचलतो. प्रकाश उजळ आला म्हणून ओएलटी ठोके वेगाने पाठवत नाही आणि मंद आला म्हणून सावकाशही पाठवत नाही. दिव्याचा उजेड थोडा कमी केला तरी वर्तमानपत्र आपण त्याच वेगाने वाचतो, तसंच हे आहे. ओएनटीला ठोका 'आहे' की 'नाही' एवढं ओळखता आलं की झालं.

घरात पोचणारा प्रकाश डीबीएम या एककात मोजतात आणि तो आकडा उणे असतो (नेमका अर्थ पुढच्या प्रश्नात आहे). म्हणून उणे १६ असलेल्या घराला आणि उणे २४ असलेल्या घराला १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर दोघांनाही १०० च मिळतात. तुमचा वेग ठरतो तो प्लॅनमध्ये, कंपनीच्या सर्व्हरवर लावलेल्या मर्यादेने.

अपवाद एक आहे. आकडा ओएनटीच्या शेवटच्या मर्यादेला, साधारण उणे २७ ला टेकला, की ठोके ओळखण्यात चुका व्हायला लागतात. काही चुका यंत्र स्वतः दुरुस्त करतं, बाकीची पाकिटं हरवतात, ती पुन्हा मागवावी लागतात आणि वेग कोसळतो. पण हा पट्टा जेमतेम एक-दोन डीबीचा असतो. त्याच्या खाली गेलं की नेट मंद होत नाही, बंदच होतं. म्हणून "महिनाभर स्पीड निम्मा आहे" या तक्रारीचं उत्तर प्रकाशात शोधायचं कारण सहसा नसतं. ते पुढे वायर, वायफाय आणि संध्याकाळची गर्दी या प्रश्नांत सापडेल.

उणे २२ डीबीएम म्हणजे नेमकं किती? उणे आहे म्हणजे सिग्नलच नाही का?

शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. तिथून खाली मोजायला लागलं की उणे आकडे येतात. दर १० डीबीला प्रकाश दहावा हिस्सा उरतो आणि दर ३ डीबीला साधारण निम्मा. उणे १० म्हणजे मिलिवॉटचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा, उणे ३० म्हणजे हजारावा. उणे २७ ला मिलिवॉटचा सुमारे पाचशेवा भाग शिल्लक असतो आणि तेवढ्यावरही ओएनटी तुमचा पिक्चर न अडखळता दाखवतो. या तंत्राबद्दल मला वाटणाऱ्या आदराचं हे एक मोठं कारण आहे.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: "फक्त तीनच पॉइंटने पडलाय" असं कोणी म्हणालं तर अर्धा प्रकाश गेलेला असतो.

मग माझ्याकडे किती आकडा असला पाहिजे?

घरोघरी सर्वाधिक दिसणाऱ्या बी-प्लस वर्गाच्या जीपीओएनसाठी ओएनटीची मर्यादा उणे ८ ते उणे २७ अशी असते. रोजच्या व्यवहारात उणे १५ ते उणे २३ असेल तर निर्धास्त राहा. उणे २४-२५ चालतं, पण पुढे कनेक्टरवर धूळ बसली, कुठे नवा जॉइंट आला, तर सोसायला जागा उरत नाही. उणे २६ दिसलं तर नेट सुरू असलं तरी तक्रार नोंदवून ठेवा.

जास्त प्रकाशही वाईट असतो. उणे ८ पेक्षा उजळ, म्हणजे उणे ५ वगैरे, आला तर ओएनटीचा डोळा दिपतो आणि चुका होतात. ओएलटीच्या अगदी जवळ, मध्ये स्प्लिटर (एका तंतूतला प्रकाश अनेक तंतूंत वाटणारा भाग) न लावता जोडलेल्या लाइनवर हे होऊ शकतं.

ओएलटीतून तर भरपूर प्रकाश निघतो. वाटेत तो जातो कुठे?

हिशेब करूनच पाहू. समजा ओएलटीतून अधिक ४ डीबीएम निघाला. तुमचं घर ५ किलोमीटरवर आहे. १४९० नॅनोमीटरचा प्रकाश काचेतून जाताना किलोमीटरला साधारण पाव डीबी गमावतो, म्हणजे सगळ्या अंतराचे मिळून सव्वा डीबी. वाटेत चार कनेक्टर, प्रत्येकी ०.३ धरले तर १.२. फ्यूजन मशीनने (काचेची टोकं वितळवून जोडणाऱ्या यंत्राने) केलेले पाच-सहा जॉइंट मिळून अर्धा डीबी. आणि दोन स्प्लिटर: एक चौकातल्या खांबावर, एक तुमच्या इमारतीच्या जिन्यात, दोन्ही एकास आठ. एकास आठ स्प्लिटर प्रकाशाचे आठ वाटे करतो, त्यात सुमारे साडेदहा डीबी जातात. दोघांचे २१.

एकूण २४. अधिक ४ मधून २४ गेले, घरात उणे २० आले.

यातले २१ डीबी नुसत्या वाटपात गेले हे पाहिलंत ना? अंतराचा वाटा सव्वा. "तुमचं घर लांब आहे हो" हे कारण फायबरवर म्हणूनच फारसं टिकत नाही. पाच किलोमीटरच्या काचेपेक्षा एका नीट न बसलेल्या कनेक्टरमध्ये जास्त प्रकाश जाऊ शकतो. आणि शेजारच्या नव्या गिऱ्हाइकासाठी कोणी तुमच्याच लाइनवर एकास दोनचा स्प्लिटर टाकून गेला, तर साडेतीन डीबी एका दिवसात कमी होतात. आकडा पायरीसारखा खाली उतरला आणि तिथेच थांबला, तर हा संशय आधी घ्या.

हा आकडा मी स्वतः कुठे पाहू?

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ (काही यंत्रांवर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१००.१) उघडा. पत्ता आणि पासवर्ड बहुधा यंत्राच्या पाठीवर छापलेला असतो. स्टेटस किंवा डिव्हाइस इन्फोच्या खाली पॉन, ऑप्टिकल अशा नावाचं पान असतं. त्यात 'आरएक्स पॉवर' म्हणजे तुमच्याकडे येणारा प्रकाश आणि 'टीएक्स पॉवर' म्हणजे तुमच्याकडून जाणारा. टीएक्स साधारण अधिक अर्धा ते अधिक ५ च्या दरम्यान असतो. काही कंपन्या हे पान ग्राहकापासून लपवतात. तेव्हा कस्टमर केअरला फोन करून विचारा, त्यांच्या पडद्यावर तो आकडा असतो.

ओएनटीने दाखवलेल्या आणि लाइनमनच्या पॉवर मीटरच्या आकड्यात दोन-तीन डीबीचा फरक पडू शकतो, त्यावरून वाद घालू नका. मात्र एक तपासा. पुष्कळ केबलवाले त्याच फायबरवरून १५५० नॅनोमीटरवर टीव्हीही पाठवतात. साधा मीटर दोन्ही प्रकाश एकत्र मोजतो आणि आकडा फसवा उजळ दिसतो. अशा लाइनवर तरंगलांबी वेगळी काढून मोजणारा पॉन मीटरच हवा.

नेट उत्तम चालू असलेल्या दिवशी हा आकडा पाहून, तारखेसह लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशीच्या एकट्या आकड्यातून फार कळत नाही. आधी उणे १९ होता आणि आज उणे २५ आहे, यातून सगळं कळतं.

आकडा अचानक पाच-सहा डीबीने पडला. घरात काय तपासू?

आधी पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड, म्हणजे ओएनटीत खोचलेली फायबरची छोटी वायर पाहा. सोफा सरकवताना, टीव्हीच्या मागे कोंबताना, दारात दाबली जाऊन ती दुमडते. काचेच्या तंतूला तीव्र वळण दिलं की प्रकाश वळणावरून बाहेर निसटतो. जुन्या जातीच्या तंतूला (जी.६५२) ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण सोसत नाही. घरासाठी बनवलेला जी.६५७ तंतू १० किंवा ७.५ मिलिमीटरपर्यंत सहन करतो. कुठला तंतू आहे हे तुम्हाला कळणार नाही, तेव्हा चहाच्या कपाच्या तोंडाएवढं वळण ठेवा आणि खिळ्याला गुंडाळू नका.

मग कनेक्टर. हिरव्या टोकाचा आणि निळ्या टोकाचा कनेक्टर एकमेकांत बसतात, पण बसवू नयेत. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं जवळजवळ सपाट. दोन्ही जोडले तर मध्ये फट राहते, बराच प्रकाश वाया जातो आणि काही मागे परततो. दुरुस्तीला आलेला माणूस घाईत पिशवीतली हाती लागेल ती कॉर्ड लावून जातो, त्यामुळे रंग स्वतः पाहून घ्या.

तिसरं, फास्ट कनेक्टर. खांबावरून आलेल्या वायरला घरात जागच्या जागी, मशीनशिवाय बसवतात तो. त्याच्या आत दोन काचा जेलच्या आधाराने टेकवलेल्या असतात. पहिल्या दिवशी आकडा छान येतो. पुढे वायर ओढली जाते, जेल सुकतं, दमट हवा आत शिरते आणि लॉस वाढत जातो. दर काही महिन्यांनी नेट जात असेल तर हा कनेक्टर काढून फ्यूजन मशीनने जोडलेली पिगटेल (कारखान्यातच कनेक्टर बसवलेला तंतूचा तुकडा) लावून द्या असा आग्रह धरा. माझ्या मते घरच्या फायबरमध्ये याइतकी फायद्याची दुरुस्ती दुसरी नाही.

कनेक्टरचं टोक बोटाने, फुंकरीने किंवा शर्टाने पुसू नका. आणि त्यात डोकावून तर अजिबात पाहू नका: आतला लेसर अवरक्त असतो, दिसत नाही, म्हणून तो बंद आहे असं वाटतं.

पावसाळ्यात नेट का जातं? काचेला पाण्याचं काय?

काचेला काही नाही. पण खांबावरच्या जेबी बॉक्सचं, म्हणजे जोडण्यांच्या डब्याचं झाकण उघडं राहिलेलं असतं, त्यात पाणी आणि मुंग्या जातात, कनेक्टर खराब होतात. वाऱ्याने फांदी वायरवर घासते, वायर ताणली जाते. कोकणात झाड पडून अख्खी लाइनच तुटते. नेट वारा सुटला की जातं आणि थांबला की येतं, असं असेल तर कुठेतरी वायर घासतेय किंवा सैल कनेक्टर हलतोय हे नक्की, आणि तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

विजेचा धोका वेगळा. काचेतून वीज वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या वायरीत बहुधा आधाराची पोलादी तार असते आणि अॅडॉप्टर तर विजेच्याच लाइनवर असतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात यंत्रांचे लॅन पोर्ट जळतात ते यातून. अजून काही ठिकाणी केबलवाले खांबापर्यंत फायबर आणि तिथून घरात तांब्याची लॅन वायर आणतात. तिथे तर गडगडाट सुरू होताच अॅडॉप्टर आणि लॅन वायर दोन्ही काढून ठेवा.

आमच्याकडे अजून टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड आहे. तिथेही हेच नियम?

नाही, तिथे सगळं उलट आहे. २००५ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड आणलं ते एडीएसएल तंत्रावर. त्यात तार शेकडो अरुंद पट्ट्यांत वाटली जाते आणि प्रत्येक पट्टा आपल्याला झेपेल तेवढाच डेटा वाहतो. तार जितकी लांब तितके वरच्या फ्रीक्वेन्सीचे पट्टे निकामी होतात. त्यामुळे लॉस वाढला की वेग पायरीपायरीने उतरतो. एडीएसएल-२-प्लसची कमाल २४ एमबीपीएस. एक्स्चेंजपासून किलोमीटरभरात वीसच्या आसपास, तीन किलोमीटरवर सात-आठ, पाच किलोमीटरवर दीड-दोन, असा साधारण अंदाज धरावा.

मोडेमच्या पानावर दोन आकडे पाहा. 'लाइन अॅटेन्युएशन' ३० च्या आत असेल तर चांगलं, ५० च्या वर असेल तर वेगाची आशा सोडा. 'एसएनआर मार्जिन' ६ च्या खाली गेलं की लाइन सतत तुटते. फोनवर खरखर ऐकू येत असेल तर जॉइंटमध्ये ओल आहे. घरातली पॅरलल एक्स्टेन्शन काढून मोडेम पहिल्या रोझेटवर (टेलिफोनची तार घरात येते त्या डबीवर), फिल्टर लावून जोडून पाहा, फरक पडतो. फायबर दारात आलं असेल तर मात्र तारेवर आणखी खर्च करू नका.

२०० चा प्लॅन आहे, पण ९४-९५ च्या पुढे जातच नाही.

हा आकडा दिसला की बाकी काही तपासू नका, वायर तपासा. १०० एमबीपीएसच्या लॅन पोर्टवर प्रत्यक्षात तेवढेच मिळतात. एक तर ओएनटीचा किंवा राउटरचा पोर्टच १०० चा आहे, किंवा लॅन वायरीतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे. १०० साठी चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एक निखळली की यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात. वायरीच्या टोकाला नवा आरजे-४५ प्लग मारून घ्या, काम काही मिनिटांचं असतं.

वायफायवर स्पीड मिळत नाही, लॅनवर पूर्ण मिळतो.

मग लाइनचा दोष नाही, आणि लाइनमनला बोलावून उपयोग नाही. फायबर जोडणारे लोक वायर वाचावी म्हणून यंत्र दाराजवळ लावतात आणि बेडरूम तीन भिंती पलीकडे राहते. विटांची भिंत काही डीबी खाते, आरसीसीची त्याहून बरीच जास्त. कोकण-गोव्यातली चिऱ्याची जाड भिंत, जुन्या वाड्याची दगडी भिंत, आरशाचं कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळ्यांचा वाटा असतो. वायफाय तांब्यासारखंच वागतं: सिग्नल उतरला की वेग उतरतो. फोनवरचं एखादं वायफाय मोजणारं अॅप उघडा. उणे ६७ डीबीएमपर्यंत कॉल नीट चालतो, उणे ८० ला नुसतं नाव दिसतं.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. मोठ्या सोसायटीत तिथे शेजारच्या पंचवीस राउटरांशी भांडण चालू असतं. ५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर हार खातं, पण त्याच खोलीत असाल तर तेच वापरा. स्वस्त रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा करतो. पैसे खर्चायचेच तर घराच्या मध्यापर्यंत लॅन वायर ओढून तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट लावा.

दुपारी पूर्ण स्पीड, रात्री आठनंतर रडकुंडी. पॉवर तर तेवढाच दिसतो.

ही गर्दी आहे. ओएलटीच्या एका पोर्टवरचे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात. जुन्या जीईपॉन यंत्रावर तर सव्वाच गिगाबिट. त्याहून मोठी अडचण पुढे असते: छोट्या पुरवठादाराने वरून घेतलेली बँडविड्थच गिऱ्हाइकांच्या मानाने कमी पडते. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, लॅनवर, एकाच सर्व्हरवर स्पीड टेस्ट घेऊन आठवडाभर लिहून ठेवा. टेस्टसाठी पुरवठादाराचा स्वतःचा सर्व्हर निवडू नका, तो फक्त तुमच्या गल्लीतला रस्ता मोजतो. दुसऱ्या कंपनीचा मुंबईतला सर्व्हर घ्या.

महिनाअखेरीसच असं होत असेल तर प्लॅनची डेटामर्यादा पाहा. 'अनलिमिटेड' म्हणवणाऱ्या कित्येक योजनांत महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास सीमा असते आणि ती ओलांडली की वेग उतरवला जातो.

१०० चा प्लॅन, पण डाउनलोड १२ च्या वर दिसत नाही.

सगळं ठीक आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा.

स्पीड टेस्ट उत्तम, तरी व्हिडिओ कॉल तुटतो.

कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, त्याला हवा असतो नियमितपणा. घरात कोणी फोटोंचा बॅकअप चढवत असेल तर अपलोडची रांग राउटरमध्ये तुंबते आणि पिंग (पाकीट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) २० वरून ४००-५०० मिलिसेकंदांवर जातो. बॅकअप थांबवून कॉल सुधारला तर कारण सापडलं: राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर ते सुरू करा. घरात काहीच चालू नसताना लॅनवरून पिंग लावल्यावरही पाकिटं हरवत असतील, तर आरएक्स पॉवर पाहा. तोही चांगला असेल, तर बिघाड तुमच्याकडून जाणाऱ्या प्रकाशात असू शकतो. तो १३१० नॅनोमीटरवर जातो आणि ओएलटीला तो कितपत पोचतोय हे फक्त कंपनीला दिसतं. तो आकडा त्यांच्याकडे मागा.

तक्रार कशी लिहू म्हणजे कोणी टाळणार नाही?

"नेट स्लो आहे" असं लिहू नका. असं लिहा: "अमुक तारखेला आरएक्स पॉवर उणे १९ होता, आज उणे २६ आहे. लॅनवर, वायफाय बंद ठेवून, रात्री नऊला तपासलं. पॅच कॉर्ड सरळ आहे, दोन्ही टोकं हिरवी आहेत. खांबावरचा स्प्लिटर आणि फास्ट कनेक्टर तपासावा. काम झाल्यावर नवा आकडा कळवावा." सोबत पडद्याचा फोटो जोडा. एवढं वाचल्यावर येणारा माणूस राउटर रीस्टार्ट करून परत जात नाही, मीटर घेऊन येतो.

तक्रारीचा डॉकेट नंबर घ्याच. ठरल्या वेळेत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्या नंबरवर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत दाद मागता येते, त्याला फी नाही. जानेवारी २०२३ पासून देशात २ एमबीपीएसपेक्षा कमी वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येत नाही, हेही ठाऊक असू द्या. आणि दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे तुमची तारीखवार आकड्यांची वहीच पुरावा म्हणून दाखवता येईल.